रस आत कसा जातो

माझं मशीन जुनं झालंय असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आणि म्हणायचे तर सगळेच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला एखादा फौंड्रीवाला जिना चढून वर आला, खुर्चीत टेकला, की आधी पंख्याची घरघर ऐकणार आणि मग विचारणार, "मॅडम, कुठली जनरेशन ही?" जसं काही मुलगी बघायला आलाय आणि वय विचारतोय. मी म्हणायचे, "तुमचं काम वेळेत मिळतंय न्हवं? मग झालं तर."

काम तसं समजायला सोपं आहे. फौंड्रीत रेतीचा साचा करतात, दोन पेट्या एकमेकींवर बसवतात आणि वरच्या भोकातून वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. त्या वितळलेल्या बीडाला आमच्याकडे रस म्हणतात. हा रस आत कुठून पळेल, कुठे अडेल, कुठे हवा कोंडून वस्तूत भोक राहील, हे ओतण्याआधीच कॉम्प्युटरवर बघून सांगायचं, हा माझा धंदा. बेळगावला लागून असलेल्या कंग्राळीत आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे, तिथे मी आणि माझं मशीन.

प्रोसेसर बदलायचा का नाही, हा विचार मी वर्षभर तरी उराशी घेऊन बसले होते. नव्या पिढीचा प्रोसेसर म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे. त्याची बसायची जागा वेगळी, म्हणून बोर्ड नवा. बोर्ड नवा म्हणून रॅम नवी. एवढं सगळं थंड ठेवायचं म्हणून पंखा नवा. जुन्यातलं राहणार काय, तर वरचा पत्र्याचा डबा आणि माझा हट्ट. नाकापेक्षा मोती जड, असा सगळा प्रकार. आणि धंद्याला तशी गरजही नव्हती. साच्यातली पोकळी कॉम्प्युटर चौकोनी तुकड्यांत तोडतो आणि एकेका तुकड्यातून रस कसा जाईल याचं गणित करत बसतो. तुकडे मोठे ठेवले की गणित लवकर होतं, बारीक केले की मशीनचा जीव जातो. फौंड्रीवाल्यांना मोठे तुकडे पुरतात. त्यांना भोक कुठे पडणार तेवढं कळलं की बास.

प्रश्न अडला तो आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. उद्यमबागेत आयुष्यभर मोल्डर होते. सायकलवरनं जायचे आणि संध्याकाळी कानाच्या पाळीपर्यंत काळे होऊन यायचे. आई त्यांना आधी मागच्या दारी न्हाणीत पाठवायची, मगच घरात पाय. रेती दाबून साचा करणं, पेटी बसवणं आणि ओतताना समोर उभं राहून इशारा करणं हे त्यांचं काम. ओतणारे दोघं रसाचं भांडं धरायचे आणि नजर आप्पांच्या हाताकडे ठेवायचे. साच्याच्या वरच्या अंगाला आणखी एक भोक ठेवलेलं असतं, रायझर म्हणतात त्याला. त्यातनं लालभडक रस वर डोकावला की आप्पांचा हात वर जायचा. "बस!" की ओतणं थांबलं. आत काय झालं ते देव जाणे आणि रेती जाणे.

आता त्यांच्या डोळ्यांचं असं झालंय की नजरेचा मधला भाग विरत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि स्वच्छ सांगितलं, की याने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही. येताना रिक्षात आप्पा म्हणाले, "लई बघून झालंय गं. जाऊ दे." आपल्या माणसाने असं शहाण्यासारखं बोललेलं मला सहन होत नाही, त्यापेक्षा चार शिव्या घातलेल्या बऱ्या.

मग एका सकाळी ते चहा घेऊन वर आले. पडद्यावर एका कामाची भरणी चालू होती. ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघत राहिले.

"ह्या विटा कशाला रचायलीस?"

"विटा न्हवंत आप्पा, रस हाय तो. साचा भरायलाय."

"रस?" ते हसले. "रस असा ठोकळ्या-ठोकळ्यानं जातोय व्हय? गवंडी हाय काय तो?"

मी त्यांना मोठ्या तुकड्यांचं सगळं समजावून सांगितलं. बारीक तुकडे केले तर खरा रस दिसेल, पण माझ्या मशीनला ते झेपत नाही, हेही सांगितलं. त्यांनी चहा संपवला. कप ठेवायला टेबलाची कड हाताने चाचपली आणि म्हणाले, "मग एकदा तेवढं दाव की. पंपाची बॉडी लाव. आयुष्यभर तीच केली. रस आत कसा जातोय ते कधी बघितलंच न्हाय. डोळं हाईत तवर बघू दे."

माझ्या हातात माऊस तसाच राहिला. इतकी वर्षं रोज मी जे बघत होते, बघून कंटाळत होते, ते या माणसाने हयातभर रसापुढे उभं राहून एकदाही बघितलं नव्हतं, आणि हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बेळगावात आमचा एक कॉम्प्युटरवाला आहे, मूळचा निपाणीकडचा, जैन. सगळे त्याला अण्णा म्हणतात. फोनवर कानडी, समोरच्याशी मराठी आणि कामाच्या पोरांशी हिंदी, तिन्ही एका दमात. त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "आक्का, तडीरि." तडीरि म्हणजे थांबा. "पुढची जनरेशन यायलीय. आत्ता घेतलासा तर चार महिन्यानं मलाच शिव्या द्याल." तो खोटं बोलत नव्हता. विकणारा माणूस घेऊ नका म्हणतोय म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं, आणि खरं तर थांबायला निमित्तच हवं होतं. याआधी मागच्या पिढीच्या वेळीही मी अशीच थांबले होते. कॉम्प्युटरचं हे असंच असतं. म्हशीच्या बाजारात उद्या याहून चांगली म्हैस येणार म्हणून घरी रिकाम्या हाताने परतणाऱ्यांतली मी.

तोवर काय करायचं? म्हटलं, आहे त्याच्यावरच लावू. पंपाच्या बॉडीचे तुकडे अगदी बारीक केले आणि गणित चालू केलं. पडद्यावर किती झालं ते दाखवणारी एक पट्टी असते. ती हलेचना. संध्याकाळी बघितलं तर गहू पेरल्यावर दुसऱ्या दिवशी जेवढा दिसतो तेवढी हललेली. दिवसामागून दिवस ते यंत्र घोंघावत होतं आणि खोली भट्टीसारखी तापली होती. धंद्याची कामं मी लॅपटॉपवर कशीबशी रेटत होते. आप्पा रोज सकाळी जिन्याखालनं ओरडायचे, "झालं काय गं?"

"न्हाय अजून."

"काय शिजवायलीस एवढं?"

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. उद्यमबागेत भट्ट्या थंड असतात, लेथ पुसून झेंडूत बुडवलेले असतात. आमच्या घरीही पाटावर आप्पांच्या थाप्या, सळया, रेतीची चाळण, आईची विळी, माझ्या दुचाकीची किल्ली, सगळं मांडलेलं असतं. मी सकाळी एका फौंड्रीच्या पूजेला गेले होते. ओळखीचं गिऱ्हाईक, नाही म्हणता येत नाही. प्रसादाचं खोबरं चघळत घरी आले, जिना चढले आणि वरच्या पायरीवरच थबकले. आवाज येत नव्हता.

खोलीत आप्पा ताट घेऊन उभे होते. मशीन पुसून लख्ख केलेलं, झेंडूचा हार, पुढे नारळ. भिंतीवरचं बटण बंद.

"कुणी बंद केलं?" मी एवढ्या जोरात ओरडले की खालनं आई धावत वर आली.

"मी," आप्पा शांतपणे म्हणाले. "चालत्या हत्याराची पूजा करत न्हाईत. त्याला पण एक दिवस इसावा पायजे का नको?"

"आप्पा! सगळं गेलं! इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात! तुम्हाला विचारायला काय झालतं?"

मधेमधे काम जतन करायची सोय असते, पण डिस्क भरत होती म्हणून मी ती बंद ठेवलेली. हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता, पण तेही मी सांगितलं, ओरडूनच. आई म्हणाली, "सणाचा दिवस हाय, आवाज खाली कर." मी आणखी चढले. आप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे माझ्या पंपाचं गेलं व्हय?"

"व्हय."

"परत लावता येत न्हाय?"

"येतं. पण परत तितकेच दिवस. आणि आज तर लावताच येणार न्हाय. पूजलंय न्हवं तुम्ही!"

ते ताट घेऊन हळूहळू जिना उतरले. एका हातात ताट, दुसरा हात भिंतीवर. मी खुर्चीत बसले. नजर मशीनकडे गेली. हार नीट मधोमध होता, तो आईने घातला असणार. कुंकू कुठे दिसेना. म्हटलं, विसरले वाटतं. मग दिसलं. डब्याच्या शेजारी, टेबलाच्या पांढऱ्या सनमायकावर, हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं बोट, एकाखाली एक, अगदी भक्तीने लावलेलं. डब्याच्या पत्र्यावर एक ठिपकासुद्धा नव्हता. ज्या माणसाचा हात रेतीत केसाएवढाही हलला नाही, त्याचं बोट एवढ्या मोठ्या डब्याला चुकलं होतं.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिथे बसून रडले, चांगली हुंदके देऊन रडले. ते कुंकू मी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी म्हटलं, "आप्पा, चला. बेळगावात जायचंय." त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. पांढरा शर्ट घातला आणि गाडीवर मागे बसले.

अण्णाच्या दुकानात गर्दी उसळलेली. त्याने आधी आमच्या हातात आपट्याची पानं ठेवली. "बन्नी तगोंड बंगारदंग इरोण," म्हणाला, आणि लगेच मराठीत, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." मग मी काय मागायला आलेय ते ऐकून कपाळावर हात मारला. "आक्का, मी तडीरि म्हटलं होतं की! पुढची जनरेशन..."

"अण्णा, पुढची जनरेशन थांबंल," मी म्हटलं. "आप्पांचं डोळं थांबायचं न्हाईत."

त्याने आप्पांकडे बघितलं. आप्पा मान तिरकी करून त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते. अण्णा आत गेला आणि एक छोटा खोका घेऊन आला. त्यातली प्रोसेसरची चौकोनी चकती त्याने स्वतः, कडेला धरून, आप्पांच्या तळहातावर ठेवली. "खालच्या अंगाला बोट लावू नका हं, आप्पा."

आप्पांनी वरच्या धातूवरून अंगठा फिरवला. "हे? एवढंच? मारी बिस्कुटाएवढं?"

"एवढंच," मी म्हटलं, "आणि आतला कामाचा भाग तर नखाएवढा. त्या नखात अब्जावधी बटणं हाईत, सगळी मिनिटा-मिनिटाला उघडमीट करत्यात. मिनिटाला कसली, डोळ्याची पापणी लवायच्या आत कोट्यवधी वेळा."

"कशाचं करत्यात?"

मी उत्तर दिलं आणि देता देता माझ्याच अंगावर काटा आला. "रेतीचं, आप्पा."

"काय?"

"रेतीचं. तुम्ही साच्याला वापरत होता न्हवं, पांढरी रेती, तसल्याच रेतीतनं काढत्यात. वितळवून, शुद्ध करून, त्याचा दांडा ओढून, पापुद्रे कापून."

दुकानात गिऱ्हाइकं ओरडत होती, कुणाला प्रिंटर हवा होता, कुणाला माऊस. आप्पा ती चकती हातावर घेऊन तिचं वजन करत होते. मग म्हणाले, "रेतीनं माझ्या नाकातोंडात जाऊन खोकला दिला फक्त. तिच्यात एवढं असंल असं कधी वाटलं न्हाय गं." आणि देवापुढे धरतात तशी ती चकती दोन्ही हातांनी कपाळाला लावली. अण्णाने घाबरून दोन्ही हात खाली धरले, पडली तर झेलायला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी हे यंत्र इतकी वर्षं वापरलं पण त्याला नीट नमस्कार कधी केला नाही.

सगळं बसवायला अण्णाचा माणूस घरी आला. जुना बोर्ड निघाला, नवा बसला. मी जुन्याच डब्यात बसवायला लावलं. तो म्हणाला, नवा घ्या, काचेचा, आत दिवे लागतात. म्हटलं, लग्नाचा मांडव नाही घालायचाय.

पुढच्या सकाळी पंपाची बॉडी परत लावली. तेच बारीक तुकडे. पट्टीकडे बघितलं तर ती चक्क चालत होती. डोळ्यादेखत! मी खुर्चीवरनं उठून आईला बोलवून आणलं, तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "पळायलंय की." दुपारची जेवणं झाली, आप्पांची डुलकी झाली, आई गिरणीतनं दळण घेऊन आली, आणि ऊन माडीवरनं उतरायच्या आत काम पुरं झालं. ज्याच्यासाठी जुनं यंत्र दिवसच्या दिवस धापा टाकत होतं, ते. मी पडद्यापुढे हात जोडले की तोंडावर ठेवले, आठवत नाही.

आप्पांना बोलावलं. खिडकीचे पडदे ओढले. त्यांची खुर्ची पडद्यासमोर नाही, आडवी ठेवली, म्हणजे डोळ्याच्या कडेने दिसेल. रंग अगदी भडक केले. काळा साचा, लाल-पिवळा रस. वेग कमी केला.

"ओतू?" मी विचारलं.

"ओत."

वरनं लाल धार उतरली. खालच्या नाळेत शिरली. त्या नाळेला बॉडीत जायची दारं असतात, एकापुढे एक. आप्पा पुटपुटले, "आता पहिल्या दारातनं आत जाणार." रस पहिल्या दारावरनं तसाच पुढे गेला. दुसऱ्यावरनंही गेला. शेवटच्या भिंतीवर आपटला, लाटेसारखा उसळला, आणि सगळ्यात लांबच्या दारातनं आधी आत घुसला. मग मागे फिरून बाकीच्या दारांशी आला.

"आँ?" आप्पा खुर्चीतनं अर्धे उठले. "शेवटच्यातनं आधी? उलटं हाय की सगळं!"

आत रस उडत होता. त्याचे शिंतोडे वरच्या भिंतीला लागून खाली पडत होते. मधल्या कोरला, म्हणजे बॉडी आतून पोकळ राहावी म्हणून बसवलेल्या रेतीच्या गाभ्याला, त्याने दोन बाजूंनी वळसा घातला आणि पाठीमागे दोन्ही धारा एकमेकींना भिडल्या. भिडल्या तिथे एक फिकट शिवण उमटली आणि हळूहळू विरघळली. मग कुठे तो शांत होऊन वर चढायला लागला.

"मला वाटायचं, कळशीत पाणी भरल्यागत भरत असंल," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "गपगुमान, खालनं वर. तसंच डोळ्यापुढं आणून मी इशारा करायचो. आयुष्यभर मी भलतंच बघत आलतो की गं!" आणि ते हसायला लागले, मांडीवर थाप मारून, लहान पोरासारखे. गालावरनं पाणी ओघळत होतं आणि हसू थांबत नव्हतं. चूक निघाल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

रस रायझरच्या तोंडाशी आला. आप्पांचा हात आपोआप वर गेला. "बस!"

"परत लावू?"

"लाव. आणि गं, लई जोरात ओतू नको."

त्या संध्याकाळी किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. आईने दोनदा जेवायला हाक मारली. पुढेही महिनोन्महिने ते रोज सकाळी चहा घेऊन वर यायचे आणि माझी कामं थांबवून एकदा तरी ओतायला लावायचे. फौंड्रीतले जुने सोबती भेटायला आले की त्यांनाही वर आणायचे आणि शेवटचं दार दाखवायचे. "बघा, ह्यातनं आधी!" जसं काही ते दार त्यांनीच काढलं होतं. अण्णाने सांगितलेली पुढची पिढीही मधे बाजारात आली. त्याने फोन करून कळवलं. मी म्हटलं, बरं झालं.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. आता आप्पांच्या डोळ्यांना उजेड-अंधार कळतो, पडदा कळत नाही. आईच्या आधाराने ते ताट घेऊन वर आले. मशीन चालू होतं, मी ते बंद करायला उठले.

"नको," ते म्हणाले. "चालू दे."

"चालत्या हत्याराची पूजा करत न्हाईत म्हणत होता न्हवं?"

"आता चालत्याचीच करायची. बंद पडल्यावर कोण बघायलंय?" त्यांनी तळहात डब्यावर ठेवला. तो गरम होता. बोटांनी कड शोधली, मग मधली जागा शोधली, आणि हळद-कुंकू बरोबर पत्र्यावर लावलं. मग खुर्चीत बसले, तोंड खिडकीकडे. "लाव की पंप."

मी लावला. आप्पाच बोलत होते, हलक्या आवाजात. "उतरला... पळतोय... आपटला बघ... शेवटच्या दारातनं घुसला. आता मागं फिरला. कोरला वळसा. भिडलं." ते थोडे पुढे होते, रस थोडा मागे होता. मग त्यांचा हात वर गेला. "बस!"

पडद्यावर रायझर अजून भरायचा होता. मी बटण दाबलं आणि रस तिथेच थांबवला. त्यांचा हात वर गेला की ओतणं थांबतं.